साच्यातून न निघणारं केसिंग : एका हातातल्या यंत्राचं पूर्ण प्रकरण

हे प्रकरण एका प्लास्टिकच्या केसिंगचं आहे. मोटर, पंप, ब्लोअर असल्या मशीनच्या बेअरिंगवर टेकवून कंपन मोजायचं एक हातात धरायचं यंत्र आम्ही बनवत होतो. चार जणांची टीम, सर्किट आणि सॉफ्टवेअर बाकी तिघांकडे, बाहेरचं केसिंग माझ्याकडे. केसिंग म्हणजे पुढचा आणि मागचा असे दोन अर्धे भाग, चार स्क्रूने जोडलेले, खाली बॅटरीचं झाकण जे नखाने दाबून उघडतं, आणि वरच्या टोकाला सेन्सरचा प्रोब बसायची जागा. लांबी १६८ मिमी. बघायला गेलं तर साधी वस्तू, पण या वस्तूने आम्हाला जवळजवळ अकरा महिने गुंतवून ठेवलं आणि त्यातले तीन महिने तरी नक्की वाचले असते. ते तीन महिने कुठे गेले तेच सांगायचंय. थ्रीडी प्रिंटिंग चांगलं की मोल्डिंग (वितळलेलं प्लास्टिक साच्यात भरून पार्ट काढणं) चांगलं असं मला सारखं कोणी ना कोणी विचारतं, पण नुसत्या त्या प्रश्नाला काही उत्तर नाही, एक पार्ट घेऊन शेवटपर्यंत गेलं की मगच काहीतरी हाताला लागतं.

सुरुवात एफडीएमने केली. म्हणजे प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर टाकणारा, टेबलावर मावणारा प्रिंटर. मटेरियल पीएलए, थर ०.२ मिमीचा. एक अर्धा भाग छापायला पाच-सहा तास, संध्याकाळी लावून घरी जायचं आणि सकाळी पार्ट उचलायचा. तीन आठवड्यांत सात व्हर्जन झाली आणि या सात व्हर्जननी जे शिकवलं ते कॅडच्या स्क्रीनसमोर सात महिने बसूनही कळलं नसतं हे मी अगदी मनापासून सांगतो. चौथ्या व्हर्जनचंच घ्या. ती प्रिंट आम्ही मेंटेनन्स करणाऱ्या एका माणसाच्या हातात दिली, आत काहीच नव्हतं, वजन यावं म्हणून दोन नट टेपने चिकटवले होते. त्याने जाड हातमोजा घातला, यंत्र पकडलं आणि एका बटणावर अंगठा ठेवला तर दोन बटणं एकदम दाबली गेली. दोन बटणांमधलं अंतर होतं ११ मिमी, ते आम्ही १७ केलं. मग तो खाली वाकला, कारण बेअरिंग बहुतेक वेळा गुडघ्याच्या उंचीवर असतं, आणि म्हणाला की मला आकडा दिसतच नाहीये. डिस्प्ले सरळ होता, पुढच्या व्हर्जनमध्ये तो १२ अंश तिरका केला. असं काही एका दुपारी कळतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुधारलेलं हातात येतं, प्रोटोटायपिंगला ‘रॅपिड’ का म्हणतात ते तेव्हा कळतं. नुसत्या छपाईच्या वेगापेक्षा चूक कळल्यापासून ती सुधारेपर्यंतचा वेळ इथे कमी होतो, आणि मला विचाराल तर खरा फायदा तोच.

याच टप्प्यात एक फटका बसला. सहाव्या व्हर्जनचे दोन नमुने एका बंद गाडीत डॅशबोर्डवर दुपारभर राहिले आणि संध्याकाळी बघितलं तर मागचा भाग केळ्यासारखा वाकलेला. पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डला तेवढं तापमान सहज गाठता येतं. आम्हाला हे माहीत होतं, पण नमुनाच तर आहे म्हणून मनावर घेतलं नव्हतं.

थोडं मागचं सांगतो, कारण पुढे आमचं जे चुकलं त्याचं मूळ तिथेच आहे. चक हल यांनी स्टिरिओलिथोग्राफीच्या पेटंटसाठी १९८४ मध्ये अर्ज केला आणि १९८६ मध्ये ते मिळालं. त्यात द्रव रेझिनवर अल्ट्राव्हायोलेट प्रकाश टाकून एकेक थर घट्ट करत जातात. एफडीएमचं पेटंट स्कॉट क्रम्प यांचं, अर्ज १९८९ चा, आणि त्याची मुदत २००९ मध्ये संपल्यावर टेबलावरचे स्वस्त प्रिंटर धडाधड बाजारात आले. सुरुवातीची कितीतरी वर्षं या सगळ्या पद्धतींना ‘रॅपिड प्रोटोटायपिंग’ हेच नाव होतं, म्हणजे नमुना इथे काढायचा आणि खरा माल दुसऱ्या पद्धतीने बनवायचा हे त्या नावातच गृहीत होतं. नंतर लेझरवाले नायलॉन आणि धातूचे प्रिंटर इतके चांगले झाले की खरा मालसुद्धा त्यावर निघायला लागला आणि ‘अ‍ॅडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग’ हा शब्द रुळला. मशीन तेच, फाइल तीच, पण एकदा ती नमुना काढते आणि एकदा माल. आमचा सगळा घोळ या दोन गोष्टींमधली रेघ पुसट झाल्यामुळे झाला.

तर पुढे. बॅटरीच्या झाकणाला दोन हुक होते, दाबले की वाकतात आणि सोडले की खाचेत अडकतात. एफडीएममध्ये झाकण उभं छापलं तर हुक थरांच्या जोडावर तुटायचा, पाच-सहा वेळा उघडलं की टक, कारण तारेच्या दिशेने प्लास्टिक मजबूत असतं पण थर आणि थर यांच्यातला जोड कमजोर. आडवं छापलं तर हुक टिकायचा पण झाकणाची बाहेरची बाजू सपोर्टमुळे, म्हणजे छापताना खाली द्याव्या लागणाऱ्या आधारामुळे, खरबरीत यायची. म्हणून आम्ही एसएलएसकडे गेलो. त्यात पीए१२ नायलॉनची बारीक पावडर पसरतात, लेझर हवी तेवढीच जागा वितळवतो आणि न वितळलेली पावडरच पार्टला आधार देते, त्यामुळे सपोर्ट लागत नाहीत. पावडरचा बेड १७० अंशांच्या आसपास तापवलेला असतो, छपाई झाल्यावर अख्खा ढीग सावकाश थंड होऊ द्यावा लागतो, घाई केली की पार्ट वाकतात. बाहेरून छापून घेतले, फील्ड ट्रायलसाठी ६० नग. हुक झकास चालले, शेकडो वेळा उघडून बघितले तरी काही झालं नाही. रंग मात्र राखाडी आणि पोत बारीक साखरेसारखा, त्यात ग्रीसचा हात लागला की डाग निघता निघत नाही, पण ट्रायलसाठी चालून गेलं.

आणि इथेच मी वाहवत गेलो. सपोर्ट लागत नाही, साचा नाही, मग काहीही काढता येतं! मी ग्रिप आतून पोकळ आणि चारी बाजूंनी बंद केली, आतली पावडर काढायला फक्त एक बारीक भोक, हात मारला की भरीव वाटते पण वजन नाही. बॅटरीची वायर जायला भिंतीच्या आतूनच एक वळणदार बोगदा ठेवला. स्क्रू ज्यात बसतात ते खांब, म्हणजे बॉस, दणकट हवेत म्हणून ५ मिमी जाडीचे केले. प्रोबच्या जागी आतून एक गोल खाच दिली की प्रोब फिरवून लॉक होईल. भिंती सगळ्या अगदी सरळ, काटकोनात, कारण दिसायला तसंच छान दिसतं. ६० पैकी ६० नग चालले, वापरणारे खूश, टीम खूश, आणि आम्ही डिझाइन फ्रीझ केलं. सर्किट बोर्डची बाह्यरेषा आणि त्यावरची भोकंसुद्धा याच केसिंगवरून पक्की केली आणि ५०० बोर्डांची ऑर्डर देऊन टाकली.

मग तीच फाइल टूलरूमकडे, म्हणजे साचे बनवणाऱ्यांकडे, गेली.

टूलरूम सांभाळणारे गृहस्थ या कामात मुरलेले. त्यांनी प्रिंट हातात घेतली, उलटसुलट केली, दिव्याखाली धरली, आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘हा पार्ट साच्यातून कुठल्या बाजूने काढायचा?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सात एफडीएम व्हर्जन, त्यानंतर एसएलएसची दोन, ६० नगांची ट्रायल, आणि एवढ्या सगळ्यात हा प्रश्न एकदाही आला नव्हता, कारण प्रिंटरला तो पडतच नाही. नंतर मी यावर खूप विचार केला आणि माझं मत असं झालंय की प्रिंट वस्तूबद्दल खरं सांगते पण पद्धतीबद्दल चकार शब्द काढत नाही. हातात बसतं का, बटण लागतं का, बोर्ड मावतो का, हे सगळं ती अगदी प्रामाणिकपणे सांगते. ही वस्तू दर अर्ध्या मिनिटाला एका साच्यातून सुटून बाहेर पडेल का, याबद्दल तिला काही माहीतच नाही. तो प्रश्न डिझायनरने स्वतः विचारायला हवा, आणि तोसुद्धा दुसऱ्या-तिसऱ्या व्हर्जनलाच.

त्यांनी ड्रॉइंगवर लाल पेनाने खुणा करायला सुरुवात केली. पहिली खूण भिंतींवर. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये वितळलेलं प्लास्टिक दाबाने साच्यात भरतं, थंड होताना आकसतं आणि आतल्या बाजूच्या धातूला, म्हणजे कोअरला, घट्ट आवळून बसतं. भिंत अगदी सरळ असेल तर पार्ट बाहेर ढकलताना सगळी उंचीभर घासत येतो, ओरखडे पडतात नाहीतर अडकतोच. म्हणून भिंतीला थोडा उतार देतात, त्याला ड्राफ्ट म्हणायचं. १ अंश ड्राफ्ट म्हणजे आमच्या २२ मिमी उंचीच्या भिंतीला जवळजवळ ०.३८ मिमीचा फरक. ऐकायला काहीच नाही, पण आमच्या दोन अर्ध्या भागांची ओठाला ओठ बसणारी कड ०.२ मिमीच्या फटीवर बेतलेली होती, म्हणजे ती सगळी परत काढायची. शिवाय बाहेरून खरबरीत टेक्स्चर हवं असेल तर त्याच्या खोलीप्रमाणे ड्राफ्ट आणखी वाढतो, आम्ही शेवटी बाहेरच्या भिंतींना २.५ अंश दिला.

दुसरी खूण जाडीवर. आमची भिंत २.५ मिमीची आणि बॉस ५ मिमीचा. जिथे प्लास्टिक जाड तिथे ते उशिरा थंड होतं, बाहेरची कातडी आधी घट्ट होते आणि आतला गाभा नंतर आकसताना त्या कातडीला आत ओढतो, बाहेरच्या बाजूला बरोब्बर बॉसच्या मागे खळगा दिसतो. त्याला सिंक मार्क म्हणतात. रिब (भिंतीला आतून आधार देणारी पातळ पट्टी) किंवा बॉसची जाडी मूळ भिंतीच्या निम्मी किंवा फार तर ६० टक्के ठेवायची हा त्यावरचा नेहमीचा नियम. आम्ही दुप्पट ठेवली होती. प्रिंटमध्ये जाडी म्हणजे नुसती ताकद, मोल्डमध्ये जाडी म्हणजे खळगा, जास्त वेळ आणि वाकडेपणा, दोन्हीकडे शब्द एक पण अर्थ उलटा.

बंद ग्रिप आणि भिंतीतला बोगदा यांच्यावर त्यांनी नुसती फुली मारली. चारी बाजूंनी बंद पोकळी म्हणजे तिच्यात जो धातू असायला हवा तो बाहेर काढायला वाटच नाही. उरलेल्या तीन जागा, झाकणाचे हुक, बाजूचं चार्जिंग पोर्ट आणि प्रोबची गोल खाच, या अंडरकट, म्हणजे साचा सरळ उघडला तर पार्ट जिथे अडकतो अशा जागा. यांना स्लायडर लागतात, म्हणजे साचा उघडताना आडवे सरकणारे तुकडे, आणि प्रत्येक स्लायडर म्हणजे जास्त मशीनिंग, जास्त फिटिंग, झिजायला आणि अडकायला आणखी एक जागा.

हिशोब सांगतो. पैशाचे आकडे नाही देत, ते जागेप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलतात, गुणोत्तर देतो. एका एसएलएस केसिंगच्या खर्चाला १ एकक धरलं. आहे तेच डिझाइन थोडंफार दुरुस्त करून तीन स्लायडरचा स्टील मोल्ड करायचा तर मोल्डलाच ६४० एककं, आणि नंतर प्रत्येक केसिंग ०.०४. म्हणजे साधारण ६६७ नगांना दोन्ही पद्धती बरोबरीला येतात, ६४० भागिले ०.९६. आमची पहिली ऑर्डर ५०० ची. कागदावर प्रिंटिंग जिंकत होतं आणि टीममधल्या दोघांचं म्हणणं तेच होतं की साचा नकोच, ५०० नग एसएलएसमध्येच काढू. हे म्हणणं चुकीचं नव्हतं. ५०० नगांसाठी साच्यात पैसे अडकवायचे, त्यात नंतर बदल करायचा झाला तर परत खर्च, आणि मागणी आलीच नाही तर साचा पडून. प्रिंटिंगमध्ये फाइल बदलली की पुढच्या नगापासून नवीन पार्ट. मागणी किती येईल हेच माहीत नसताना ही फार मोठी सोय आहे.

पण टूलरूमवाल्यांनी आणखी एक गणित मांडलं. स्लायडर काढून टाकता आले तर साधा दोन प्लेटचा अ‍ॅल्युमिनियमचा मोल्ड होईल, स्टीलपेक्षा आयुष्य कमी पण मशीनिंग खूप लवकर, आणि काही हजार नगांपुरता पुरतो. त्याचे २६० एककं, नगाला ०.०६, म्हणजे बरोबरी २७७ नगांवर. वस्तू तीच, नग तेवढेच, फक्त डिझाइन साच्याला समजून केलं तर बरोबरीचा आकडा ६६७ वरून २७७ वर आला. ‘किती नगांनंतर मोल्ड परवडतो’ असं कोणी विचारलं तर मी आधी डिझाइन बघायला मागतो ते यामुळे, नुसत्या संख्येवरून सांगता येत नाही.

मग डिझाइन पुन्हा काढलं. ग्रिप उघडी केली, आतून पातळ रिबची जाळी दिली, पकडायला तितकीच भक्कम. वायरचा बोगदा काढून दोन छोटे आकडे दिले ज्यात वायर दाबून बसते. चार्जिंग पोर्ट पार्टिंग लाइनवर (साच्याचे दोन भाग जिथे मिळतात ती रेघ) आणलं, म्हणजे अर्धं भोक पुढच्या भागात आणि अर्धं मागच्यात, स्लायडर गेला. हुकांच्या खाली झाकणात छोट्या खिडक्या ठेवल्या, साच्याचा एक भाग त्या खिडकीतून वर येऊन हुकाची खालची बाजू घडवतो, तोही स्लायडर गेला. बॉस बारीक केले आणि आतून खोलवर पोकळ केले. पण बॉस भिंतीपासून जरा आत सरकवावे लागले आणि बोर्डावरची भोकं तर आधीच ठरलेली, ५०० बोर्ड बनायला गेलेले. ते थांबवले, लेआउट बदलला, परत टेस्टिंग. तीन महिने गेले ते इथे. केसिंगच्या फाइलचं काम जेमतेम दोन आठवड्यांचं होतं, वेळ खाल्ला तो केसिंगवर विसंबून जे जे पक्कं केलं होतं त्याने.

हुकाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. ट्रायलचे हुक नायलॉनचे, माल एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकचा. नायलॉन वाकवलेलं सहन करतं, एबीएस तेवढं करत नाही, मुळाशी पांढरी रेघ उमटते आणि काही दिवसांनी तिथेच तुटतं. अशा हुकाच्या मुळाशी किती ताण (स्ट्रेन, म्हणजे प्लास्टिक किती टक्के ताणलं जातं ते) येतो याचं सोपं गणित आहे, दीड गुणिले जाडी गुणिले जेवढा वाकवायचा ते अंतर, भागिले लांबीचा वर्ग. आमची जाडी १.८ मिमी, वाक १.२ मिमी, लांबी ९ मिमी, उत्तर येतं ४ टक्के. रोज उघडायच्या एबीएसच्या हुकाला हे फारच झालं, आम्ही २ टक्क्यांच्या खाली ठेवायचं ठरवलं. लांबी १३ मिमी केली की बाकी सगळं तेच ठेवून ताण १.९ टक्क्यांवर येतो. लांबी वर्गात असल्यामुळे ४ मिमी वाढवले तर ताण निम्म्याहून कमी. एसएलएसच्या ६० नगांनी हुक पास करून टाकला होता म्हणून हे गणित कोणी केलंच नव्हतं.

पण नुसत्या गणितावर साचा कापायचा नव्हता, म्हणून मधला एक रस्ता काढला. फक्त झाकणासाठी उष्णता सहन करणाऱ्या रेझिनमध्ये साच्याचे इन्सर्ट, म्हणजे आत बसवायचे तुकडे, छापले, ते धातूच्या चौकटीत बसवले आणि त्यात खरं एबीएस, २३० अंशांच्या आसपास वितळलेलं, इंजेक्शन मशीनवर मारलं. रेझिनमधून उष्णता पटकन जात नाही त्यामुळे प्रत्येक शॉटनंतर (एकदा प्लास्टिक भरणं म्हणजे एक शॉट) कित्येक मिनिटं थांबावं लागायचं. १९ व्या शॉटला खिडकीतून वर येणारी बारीक कोअर मोडली, तिथे धातूची पिन ठोकली, ३४ शॉटपर्यंत कडा इतक्या झिजल्या की सगळीकडून फ्लॅश, म्हणजे फटीतून बाहेर आलेली प्लास्टिकची पातळ कड, यायला लागला आणि थांबवलं. उत्पादन म्हणून हे काहीच नाही. पण आमच्या हातात खऱ्या मटेरियलची, खऱ्या पद्धतीने भरलेली तीस झाकणं आली, एका आठवड्यात. ती उघडून, मिटून, खाली टाकून बघितली. या सगळ्या प्रकरणात थ्रीडी प्रिंटिंगचा सगळ्यात शहाणपणाचा वापर कुठला असं विचारलं तर मी हाच सांगेन, छापायचा तो साचा, आणि पार्ट त्याच्या स्वतःच्या पद्धतीनेच काढायचा.

अ‍ॅल्युमिनियमच्या मोल्डला सात आठवडे लागले. पुढचा आणि मागचा भाग एकाच साच्यात, दोन वेगळ्या कॅव्हिटी, म्हणजे प्लास्टिक भरायच्या पोकळ्या. एबीएस थंड होताना ०.४ ते ०.७ टक्के आकसतं, आम्ही ०.५ धरून १६८ मिमीच्या पार्टसाठी कॅव्हिटी ०.८४ मिमी मोठी कापली. हुकाची पकड मुद्दाम कमी ठेवली, कारण साच्यातून धातू काढला की पार्टवर प्लास्टिक वाढतं, ते कधीही करता येतं, पण काढलेला धातू परत लावणं महाकठीण.

पहिल्या ट्रायलला मी मशीनसमोर उभा होतो. साचा उघडला, इजेक्टर पिना पुढे आल्या आणि दोन्ही भाग सुटून खाली पडले, अडकले नाहीत, तो आवाज अजून कानात आहे. पण पार्ट बरोबर नव्हते. मागचा भाग लहान, तो आधी भरायचा आणि त्याच्या कडेने फ्लॅश यायचा, तोवर मोठ्या भागाचा एक कोपरा अर्धवटच राहायचा. लहान कॅव्हिटीचा गेट, म्हणजे प्लास्टिक आत शिरायचं तोंड, बारीक ठेवून वेग जुळवला. दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. डिस्प्लेच्या खिडकीभोवती प्लास्टिक दोन्हीकडून वळसा घालून येतं आणि खालच्या कोपऱ्यात एकमेकांना भेटतं, तोपर्यंत दोन्ही टोकं थोडी थंड झालेली असतात, नीट मिसळत नाहीत, केसासारखी एक रेघ राहते. तिला वेल्ड लाइन म्हणतात. एक मीटरवरून टाकून बघितलं तर आठपैकी तीन केसिंग बरोब्बर त्या रेघेवर तडकली. छापलेल्या ६० नगांपैकी एकही तिथे तडकला नव्हता, तडकणार कसा, त्यात ती रेघच नव्हती. गेटची जागा बदलली, साच्याचं तापमान वाढवलं, रेघ जाड कडेच्या भागात सरकली आणि मग पुढचे सगळे नग टेस्टमध्ये टिकले. या दोन दुरुस्त्या आणि हुकाची पकड वाढवणं मिळून अजून चार आठवडे. तोपर्यंत ज्यांना यंत्र द्यायचंच होतं त्यांच्यासाठी नवीन डिझाइनचे ८० नग एसएलएसमध्ये काढले, ते नसते तर त्या लोकांना थांबायला सांगावं लागलं असतं.

आता दर ३८ सेकंदांना एक पूर्ण केसिंग पडतं.

प्रोबची खाच मात्र साच्यात घातलीच नाही. तिच्या जागी वेगळा कॉलर केला आणि तो अजूनही एसएलएसमध्येच छापतो, पुढेही तसाच राहील. याचं कारण नगसंख्या नाही. कोणाला सपाट चुंबक हवा, कोणाला गोल पृष्ठभागावर बसणारा दोन कडांचा, कोणाला अडचणीत घालायला लांब सळई, प्रत्येकाचा कॉलर वेगळा, एकेका प्रकाराचे कधी २० तर कधी ४ नग. कंपनाचा रस्ता स्टीलच्या स्टडमधूनच जातो, नायलॉनचा कॉलर फक्त पकडून ठेवतो, त्यामुळे मोजणीत फरक येत नाही. तो स्टड लेथवर केलाय, एम६ थ्रेड, धातूत छापायचा विचारही केला नाही, छापला असता तरी थ्रेड परत मशीनवरच काढावे लागले असते. आणि जुना एफडीएम प्रिंटर आता असेंब्लीच्या टेबलाशेजारी आहे, केसिंग उलटं धरून ठेवायचे फिक्स्चर आणि हुकाची फट तपासायचा गेज त्यावरच निघतो. फिक्स्चरचं चौथं व्हर्जन तर स्क्रू मारणाऱ्या मुलीने स्वतः बोट ठेवून दाखवलं की इथे कापा, माझं मनगट अडतं, आणि दुसऱ्या दिवशी ते बदललेलं होतं.

आमच्या चर्चेत विमानाच्या इंजिनाचं उदाहरण सारखं यायचं म्हणून त्याबद्दलही लिहितो. लीप इंजिनाचा इंधनाचा नोझल जीईने धातूच्या प्रिंटरवर काढला, आधी २० तुकडे जोडून बनायचा तो एकच पार्ट झाला, वजन २५ टक्के कमी, आणि २०२१ पर्यंत अमेरिकेतल्या ऑबर्नच्या कारखान्यातून असे एक लाख नोझल गेले. म्हणजे मोठ्या संख्येत छपाई होत नाही असं अजिबात नाही. पण तिथे आतल्या वळणदार वाहिन्या हाच त्या पार्टचा जीव आहे, त्या तशा दुसऱ्या पद्धतीने होतच नाहीत. कानाच्या मशीनची कवचं छापतात कारण प्रत्येक कान वेगळा. दातांचे पारदर्शक अलाइनर तर आणखी मजेशीर, तिथे प्रत्येकाच्या दातांचा साचा छापतात आणि त्याच्यावर गरम प्लास्टिकची शीट ओढून अलाइनर बनवतात, म्हणजे जुनं आणि नवं एकाच ओळीत. आमच्या केसिंगमध्ये असं काय होतं? दोन वाट्या आणि चार स्क्रू, सगळे नग एकसारखे. बंद ग्रिप आणि भिंतीतला बोगदा हे मी छापता येतं म्हणून केलं होतं, वापरणाऱ्यांपैकी एकालाही त्याने फरक पडत नव्हता. कॉलरमध्ये मात्र तो फरक खराच आहे.

साच्याचे आतापर्यंत ३१०० शॉट झालेत, खिडकीच्या कडेला किंचित झीज दिसायला लागली आहे, पुढच्या वर्षी स्टीलचा करायचा का हे ऑर्डर बघून ठरेल. सध्या टेबलावर कॉलरचं नवीन व्हर्जन आहे, दोन पंपांच्या मधल्या ४० मिमीच्या फटीत जाईल असं, आणि त्याच्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात मी आता सवयीने एक बाण काढतो, पार्ट कुठल्या दिशेने सुटेल तो. हा कॉलर साच्यात जाणारच नाहीये, तरी काढतो.